चमचाभर मिठातलं जंतुनाशक

अर्ध्या लिटरची बाटली, तिच्यात पाणी, चिमूट-दोन चिमूट मीठ आणि तळाशी धातूच्या दोन चपट्या जाळ्या. बटण दाबलं की जाळीवरून दुधाळ दिसणारे बारीक बुडबुडे उठतात. दहा मिनिटांनी दिवा विझतो, आणि झाकण उघडलं की पोहण्याच्या तलावाच्या कडेला येतो तसा पुसट वास येतो. विकणारा सांगतो, यात कुठलंही केमिकल नाही. तो वास क्लोरीनचा आहे. क्लोरीन नसेल तर ते नुसतं खारट पाणी.

इलेक्ट्रोलाइज्ड वॉटर नावाची ही वस्तू थोतांड नाही, पण जादूही नाही. ते ताजं, पातळ आणि चांगल्या कामाचं क्लोरीनचं पाणी आहे. किती क्लोरीन, किती पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) आणि पृष्ठभाग किती वेळ ओला, या तीन आकड्यांवर त्याचा गुण ठरतो. तिन्ही आकडे डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणूनच गोंधळ होतो.

आधी आत काय घडतं ते पाहू. मीठ विरघळलं की पाण्यात सोडियम आणि क्लोराइड सुटे होतात. धन टोकाच्या जाळीवर क्लोराइड आपला इलेक्ट्रॉन देतं आणि त्याचा क्लोरीन होतो. हा क्लोरीन तिथल्या तिथे पाण्याशी जुळून हायपोक्लोरस ॲसिड बनतो. ऋण टोकावर पाणी फुटतं, हायड्रोजनचे बुडबुडे वर जातात आणि मागे अल्कली उरते. दिसतात ते बहुतेक बुडबुडे या हायड्रोजनचे. जाळ्यांच्या मध्ये पडदा नसेल तर दोन्हीकडचा माल एकत्र होतो आणि सोडियम हायपोक्लोराइट तयार होतं. म्हणजे दुकानात मिळणारं लिक्विड ब्लीचच, फक्त बरंच पातळ. ४ टक्के ब्लीचमध्ये लिटरला ४० ग्रॅम क्लोरीन असतो, या बाटलीत लिटरला २०० मिलिग्रॅम म्हणजे २०० पीपीएम. दोनशे पट फरक.

मोठ्या यंत्रांत मध्ये पडदा असतो. एका नळीतून पीएच २-३ चं आम्लधर्मी पाणी येतं, दुसऱ्या नळीतून पीएच ११ च्या आसपासचं अल्कधर्मी. पहिलं जंतू मारतं, दुसरं ओशटपणा काढतं. जपानमध्ये हे तंत्र जुनं आहे. तिथे हायपोक्लोरस ॲसिडच्या पाण्याला २००२ मध्ये अन्नप्रक्रियेत वापरायला मान्यता मिळाली, अट एवढीच की पदार्थ तयार होईपर्यंत ते त्यात उरता कामा नये. घरगुती बाटल्या मात्र जवळजवळ सगळ्या बिनपडद्याच्या असतात, म्हणून पुढचं सगळं त्यांच्याबद्दलच.

पीएचचा एवढा बाऊ का? पाण्यात क्लोरीन दोन रूपांत राहतो. हायपोक्लोरस ॲसिडवर विद्युतभार नसतो, त्यामुळे जिवाणूच्या आवरणातून ते सहज आत शिरतं. हायपोक्लोराइट ऋणभारित असतं आणि जिवाणूचं आवरणही ऋणभारित, म्हणून ते दारातच अडतं. पीएच साडेपाचला जवळजवळ सगळा क्लोरीन पहिल्या, कामाच्या रूपात असतो. साडेसातला निम्मा, साडेआठला दहावा हिस्सा, साडेनऊला शंभरातला एखादा. तेवढ्याच क्लोरीनचं काम पीएचमुळे असं बदलतं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही जंतू गिळल्यावर त्याच्यावर हेच हायपोक्लोरस ॲसिड सोडतात. जाहिरातीत हे वाक्य ‘म्हणून पूर्ण निर्धोक’ असं पुढे नेलं जातं, ते मात्र ओढूनताणून आणलेलं आहे. पोटातही ॲसिड असतंच की.

आता हिशेब. हा एकदा समजला की अर्ध्या जाहिराती आपोआप गळून पडतात.

फॅरेडेनं १८३० च्या दशकात मांडलेला नियम सांगतो की किती वीज वाहिली त्यावर किती पदार्थ सुटणार हे ठरतं. क्लोरीनसाठी तो आकडा असा: एक अँपिअर प्रवाह एक मिनिट वाहिला तर जास्तीत जास्त २२ मिलिग्रॅम क्लोरीन. त्याहून जास्त कोणालाच काढता येत नाही. प्रत्यक्षात पातळ मिठाच्या पाण्यात धन जाळीवर क्लोरीनबरोबर ऑक्सिजनही सुटतो, त्यात बरीच वीज वाया जाते, म्हणून निम्मं हाती लागलं तरी चांगलं म्हणायचं. समजा बाटली अर्ध्या लिटरची आहे आणि यूएसबीच्या वायरमध्ये लावायचा छोटा मीटर एक अँपिअर दाखवतोय. दहा मिनिटांत कमाल २२० मिलिग्रॅम, त्याचे निम्मे ११०, आणि अर्ध्या लिटरात ११० म्हणजे साधारण २२० पीपीएम. पटतं. पण तशाच दोन जाळ्यांच्या बाटलीवर ‘तीन मिनिटांत एक लिटर, १००० पीपीएम’ असं छापलेलं असेल तर त्याला किमान पंचेचाळीस अँपिअर-मिनिटांचा माल एका छोट्या चार्जरच्या सहा अँपिअर-मिनिटांच्याच विजेत काढायचा आहे असा अर्थ होतो, किंवा छापणाऱ्यानं हिशेबच केलेला नाही. मला दुसरं जास्त संभवतं. म्हणजे हिशेब करून बघा: तीन मिनिटं, दोन अँपिअर, गुणिले २२, झाले १३२ मिलिग्रॅम, तेही शंभर टक्के कार्यक्षमता धरून.

मिठाचं प्रमाण अर्ध्या लिटरला एक ग्रॅम पुरतं. त्याहून कमी घातलं तर पाणी वीज नीट वाहू देत नाही, मीटरवर आकडा ०.३-०.४ च्या पुढे जात नाही आणि यंत्र वेळ संपली की दिवा विझवून मोकळं होतं. आपल्याला वाटतं झालं. जास्त घातलं तर प्रवाह वाढतो, चार्जर तापतो किंवा यंत्र स्वतःच बंद पडतं, आणि शिवाय वाळल्यावर ओट्यावर पांढरे डाग पडतात. हे डाग कशाचे? १०० मिलिग्रॅम क्लोरीन बनवायला मीठ लागतं जेमतेम ८३ मिलिग्रॅम. एका ग्रॅममधलं नऊशेहून जास्त मिलिग्रॅम मीठ तसंच पाण्यात राहतं आणि फवारल्यावर ओट्यावर उतरतं. धातूला गंज लावण्याचं काम हेच उरलेलं मीठ करतं.

एक ग्रॅम चमच्यानं मोजणं अवघड. सपाट भरलेला पाव छोटा चमचा म्हणजे साधारण दीड ग्रॅम, आणि हात जरा सैल असेल तर दोन. सोपा उपाय म्हणजे ५० ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवून एकूण २५० मिली करायचं आणि बाटलीत भरून ठेवायचं. औषधाच्या दुकानातल्या बिनसुईच्या सिरिंजनं त्यातलं ५ मिली घेतलं की बरोबर एक ग्रॅम. तळाशी गाळ दिसला तर वरचं निवळ तेवढं घ्यावं.

मीठ साधं, शुभ्र. आयोडीनयुक्त चालतं, त्यातलं आयोडीन इतकं कमी असतं की फरक पडत नाही. लोह घातलेलं दुहेरी पोषणाचं मीठ नको, लोह क्लोरीन खातं आणि पाणी पिवळसर करतं. सैंधव आणि समुद्राचं खडे मीठ यांत मॅग्नेशियम-कॅल्शियम असतं, ते जाळीवर पांढरं पुट चढवतं. उपासाचं मीठ उपासालाच ठेवा.

व्हिनेगरकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बिनपडद्याच्या बाटलीतलं पाणी पीएच साडेआठ-नऊच्या पुढे जातं, म्हणजे क्लोरीन आहे पण बहुतेक आळशी रूपात. पाण्याला पाच-सहाच्या दरम्यान आणायला व्हिनेगर घालतात. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर साधारण ४ टक्क्यांचं असतं. २०० पीपीएमच्या अर्ध्या लिटरला, पाणी आरओचं असेल तर, अडीच मिली पुरतं आणि पीएच साडेपाचच्या आसपास येऊन थांबतो. छान थांबतो, कारण व्हिनेगरचं आम्ल सौम्य आहे, जरा कमीजास्त झालं तरी एकदम कोसळत नाही.

नळाचं किंवा बोअरचं पाणी असेल तर हाच अडीच मिली कमी पडतो. मुंबईला तलावांचं पाणी येतं, ते मऊ. मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडे बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. त्याची क्षारता लिटरला २०० मिलिग्रॅम असेल तर अर्ध्या लिटरला आणखी तीन मिली व्हिनेगर तेच आधी खाऊन टाकतं. म्हणून एकीच्या घरी चाललेलं प्रमाण दुसरीच्या घरी चालत नाही. यात कोणाचं यंत्र खराब नसतं, पाणी वेगळं असतं. माझं मत विचाराल तर आरओचं पाणी घ्या. त्यात वीज वाहत नाही म्हणून काही जण टाळतात, पण वीज वाहायला आपण मीठ घालतोच आहोत.

मोजमाप न करता ‘थोडं जास्त घालू’ म्हणून पाव वाटी व्हिनेगर ओतलं तर पीएच चारच्या खाली जातो आणि पाण्यातला क्लोरीन वायू होऊन निसटायला लागतो. वास उग्र होतो, नाकाला झोंबतो, आणि पाणी मात्र दुबळं होत जातं. उग्र वास म्हणजे जास्त दम, हा समज नेमका उलटा आहे. लिंबू तर अजिबात नको. लिंबाचं आम्ल ठीक आहे, पण रसातला गर, साखर आणि क जीवनसत्त्व क्लोरीनचा फडशा पाडतात. सफरचंदाचं तपकिरी व्हिनेगरही त्याच कारणासाठी बाद.

एक गोष्ट इथेच, ठळक अक्षरात लिहावी अशी. हे अडीच मिलीचं गणित फक्त या पातळ पाण्याचं आहे. बाटलीतल्या घट्ट ब्लीचमध्ये व्हिनेगर, किंवा संडास धुण्याचं ॲसिड, कधीच मिसळू नका. त्यातून एका दमात इतका क्लोरीन वायू सुटतो की बंद बाथरूममध्ये जीव गुदमरतो. अमोनिया असलेला काचा पुसायचा द्रवही ब्लीचबरोबर नको, त्यातून क्लोरामिनचा विषारी धूर निघतो. चुकून मिसळलंच तर पुसत बसू नका. बाहेर या, दार लोटा, खिडकी बाहेरून उघडता येत असेल तर उघडा.

जाळ्या कशाच्या आहेत हे विकत घेण्याआधी विचारा. टायटॅनियमवर रुथेनियम-इरिडियमच्या ऑक्साइडचा पातळ थर, हे उत्तर हवं. हा थर काळपट राखाडी दिसतो. नुसतं ‘प्लॅटिनम क्वालिटी’ वगैरे ऐकून पुढे जाऊ नका. घरी स्टीलचे दोन चमचे आणि जुना चार्जर जोडून हे करायचे व्हिडिओ बरेच फिरतात. स्टीलचा धन चमचा काही मिनिटांत झिजायला लागतो, पाणी आधी पिवळट, मग हिरवट-तपकिरी होतं. तो रंग लोह, निकेल आणि क्रोमियमचा. असलं पाणी ओट्यावर फवारणं म्हणजे जंतू काढून धातू पसरवणं. तांब्याच्या तारेनं निळसर हिरवं पाणी मिळतं, पेन्सिलच्या शिशाचा काळा भुगा होतो. टायटॅनियमही वरचा थर नसेल तर धन बाजूला काही सेकंदांत स्वतःवर कवच चढवून वीज अडवतं.

वॉटर प्युरिफायर विकायला दारात येणारा माणूस आठवतोय? दोन पेल्यांत चार कांड्यांचं यंत्र बुडवतो, तुमच्या नळाचं पाणी क्षणात तपकिरी होतं, त्याचं आरओचं पाणी स्वच्छ राहतं, आणि घरातले मोठे गंभीर होतात. तो गाळ तुमच्या पाण्यातला नसतो, त्याच्या लोखंडाच्या कांडीतून आलेला असतो. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत म्हणून वीज वाहत नाही, म्हणून कांडी विरघळत नाही. त्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून बघा, तेही तपकिरी होईल. विज्ञान तेच, नुसता वापर निराळा.

बाटली चालू असताना झाकण घट्ट लावू नये. दहा मिनिटांत एक अँपिअरवर ७५ मिलीच्या आसपास हायड्रोजन निघतो. मोकळ्या स्वयंपाकघरात तो कुठल्या कुठे विरतो, पण बंद बाटलीत दाब वाढतो आणि शेजारी गॅस पेटलेला असेल तर उगाच जोखीम. खिडकीजवळ, शेगडीपासून लांब ठेवावं.

काही दिवसांनी ऋण जाळीवर पांढरं पुट बसतं. ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. पुट चढलं की प्रवाह घसरतो, मीटरवर ते दिसतं. अख्ख्या जाळ्या बुडतील इतकं व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवायचं, हलवायचं आणि दोनदा धुवायचं. चाकूनं, घासणीनं, तारेनं खरवडायचं नाही, तो महागडा थर मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ असतो. आणि त्या वेळी बाटलीत आधीचं क्लोरीनचं पाणी उरलेलं नको, हे सांगायला नकोच.

आता मोजायचं कसं? पोहण्याच्या तलावाच्या चाचणीपट्ट्या ऑनलाइन स्वस्त मिळतात, त्यांची मर्यादा १० पीपीएम. त्या थेट २०० पीपीएमच्या पाण्यात बुडवल्या की एक गंमत होते. रंग क्षणभर चढतो आणि क्लोरीन तोच रंग विरंजित करून टाकतो, पट्टी पांढरी. माणूस म्हणतो, क्लोरीनच नाही! प्रत्यक्षात तो इतका आहे की पट्टी हरली. यावर दोन उपाय. एक, हॉटेलच्या स्वयंपाकघरांत वापरतात त्या ० ते २०० पीपीएमच्या पट्ट्या घ्यायच्या. दुसरा, पातळ करायचं: सिरिंजनं १० मिली घ्या, ४९० मिली आरओच्या पाण्यात ढवळा, तलावाची पट्टी बुडवा आणि आकड्याला ५० नं गुणा. पट्टीवर ४ आले तर मूळचं पाणी २०० पीपीएम. पातळ करायला नळाचं पाणी नको, त्यात पालिकेचा स्वतःचा क्लोरीन असतो. पीएचच्या कागदी पट्टीचाही रंग असाच उडतो, म्हणून पहिल्या दोन-तीन सेकंदांत जो रंग दिसेल तोच वाचायचा.

गावाकडे हे सगळं नवं नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घालतो आणि नळाला पाणी आल्यावर ओटी टेस्ट करतो, पिवळा रंग आला की क्लोरीन पोचला. पिण्याच्या पाण्यात उरायला हवा तो क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम, आपल्या बाटलीत २००. हजार पट. म्हणून हे पाणी प्यायचं नाही, गुळण्या करायच्या नाहीत, आणि बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरायचं नाही. रंग नाही, वास पुसट, घरातलं कोणीही तोंडाला लावेल.

जाता जाता नावांचा एक घोळ. दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या मावशी ज्याला ‘हायपो’ म्हणतात ते सोडियम हायपोक्लोराइट. जुन्या फोटो स्टुडिओतलं ‘हायपो’ म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जे माशांच्या टाकीतला क्लोरीन मारायला वापरतात. एक क्लोरीन देतं, दुसरं खातं. दुकानात नुसतं ‘हायपो द्या’ म्हणू नका.

आता वापर, आणि यातली सगळ्यात नावडती गोष्ट: हे पाणी साफ करत नाही. क्लोरीनला जंतू आणि खरकटं यातला फरक कळत नाही. डाळीचा थेंब, मासळीचं रक्त, तेलाचा थर, जे पहिलं भेटेल त्याच्यावर तो खर्ची पडतो. मळक्या ओट्यावर फवारलेलं २०० पीपीएम काही सेकंदांत जवळजवळ शून्यावर येऊ शकतं. म्हणून क्रम बदलायचा नाही. आधी साबणानं घासणं, मग साबण पूर्ण पुसून काढणं, मग हे पाणी. साबणही क्लोरीन खातो.

फ्रिजच्या दाराच्या रबराचं उदाहरण घेऊ, कारण पावसाळ्यात तिथे हमखास काळी बुरशी धरते आणि तिथे सगळ्या चुका एकदम दिसतात. रबराच्या घडीत नुसतं फवारलं तर पाणी ओघळून खाली जातं, घडीच्या आत एक मिनिटही टिकत नाही. आधी कोमट पाण्यात भांडी घासायचा द्रव घालून जुन्या टूथब्रशनं घडी उघडत-उघडत घासायची. ओल्या फडक्यानं दोनदा पुसायची. मग टिश्यू पेपरच्या लांब पट्ट्या कापून या पाण्यात चिंब भिजवायच्या आणि घडीत बोटानं दाबून बसवायच्या. दहा मिनिटं. मध्येच सुकल्या वाटल्या तर वरून पुन्हा थेंब सोडायचे. काढल्यावर साध्या पाण्याच्या फडक्यानं पुसून कोरडं करायचं, नाहीतर उरलेलं मीठ दाराच्या पत्र्याला लागतं. काळे ठिपके रबरात मुरलेले असतील तर रंग पूर्ण जाणार नाही. बुरशी मेली तरी डाग राहतो.

दहा मिनिटं हा आकडा हवेतला नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेकडे नोंद झालेल्या अशा अनेक द्रावणांच्या लेबलवर तेवढा वेळ पृष्ठभाग ओला ठेवायला सांगितलेलं असतं. करोनाच्या काळात जपानच्या ‘नाइट’ या सरकारी मूल्यमापन संस्थेनं अशा पाण्याच्या चाचण्या करून जून २०२० मध्ये निष्कर्ष दिला. त्यानंतर तिथल्या सरकारी सूचनांचं सार असं: आधी मळ काढा, पुसायचं असेल तर निदान ८० पीपीएमचं पाणी घ्या, वरून सतत ओतत धुवायचं असेल तर ३५ पीपीएम चालेल, आणि अल्कोहोलसारखं दोन फवारे मारून भागत नाही, पृष्ठभाग चिंब भिजला पाहिजे. हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे कोणी पाळत नाही. फुस्स फुस्स करून लगेच फडक्यानं पुसणं म्हणजे फडकं निर्जंतुक करणं.

त्या सूचनांत माणसं असलेल्या खोलीत हे पाणी हवेत फवारण्याची शिफारस नव्हती. आपल्याकडेही एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं माणसांवर जंतुनाशक फवारू नका असं बजावलं, आणि सोसायट्यांच्या, बाजारांच्या दारात उभे राहिलेले फवारणीचे बोगदे त्याच वर्षाच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बंद करायची वेळ आली. ह्युमिडिफायरमध्ये हे पाणी घालून ‘खोली सॅनिटाइज’ करणं हा त्याचाच घरगुती अवतार. फुप्फुसात जाऊ नये अशी वस्तू सूक्ष्म थेंब करून फुप्फुसातच पाठवायची.

मासळी-चिकन कापलेल्या प्लॅस्टिकच्या बोर्डाला २०० पीपीएम चांगलं. अमेरिकेत अन्न लागणाऱ्या पृष्ठभागांवर न धुता ठेवण्याची वरची मर्यादाही २०० च आहे, तरी मी शेवटी साध्या पाण्यानं धुवायला सांगेन, मीठ उरतं म्हणून. लाकडी पाटाच्या भेगांत ते पोचत नाही. ओट्याच्या फडक्यांसाठी या पाण्याच्या नादी लागूच नये. धुऊन दहा मिनिटं उकळणं जास्त खात्रीचं आणि फुकट. ओल आलेल्या भिंतीवरची बुरशी वरवर मरते, पण ओल गिलाव्यात आहे तोवर महिन्याभरात परत येते. पालेभाजी-द्राक्षांना ५० पीपीएमपर्यंत पातळ करून पाच मिनिटं आणि मग भरपूर पाण्यानं धुणं ठीक, पण फवारलेली औषधं यानं जातात असा भरवसा धरू नका. घरात कोणाला नोरोव्हायरससारख्या उलट्या-जुलाबांची साथ लागली असेल तर हे पाणी बाजूला ठेवून ब्लीच घ्या. तिथे १००० पीपीएम आणि वर लागतं.

कशावर नको? तांब्या-पितळेची देवाची भांडी काळवंडतात, चांदीही. लोखंडी तवा आणि विळीचं पातं तासाभरात तांबूस. स्टीलचं सिंक चालतं, पण पाणी साचून वाळू दिलं तर टाचणीएवढे खड्डे पडतात. रंगीत कपड्यावर थेंब पडला तर फिका ठिपका येऊ शकतो. ग्रॅनाइटच्या ओट्याला काही होत नाही. शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर मात्र चुनखडीच्या जातीचे दगड. पीएच साडेपाचचं पाणी दहा मिनिटांत त्यांना विशेष काही करत नाही, पण पडदेवाल्या यंत्रातलं पीएच अडीचचं पाणी रोज पुसलं तर चकाकी जाते. त्याच यंत्राचं अल्कधर्मी पाणी ॲल्युमिनियमच्या पातेल्यांना काळं करतं.

साठवण हा या पाण्याचा खरा दुबळेपणा. ऊन, उष्णता, मळ, धातू, सगळ्यांनी ते मरतं. पारदर्शक बाटलीत खिडकीत ठेवलं तर एका दुपारीत बराच क्लोरीन जातो, नागपूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका. अपारदर्शक जाड प्लॅस्टिकची बाटली, काठोकाठ भरलेली, अंधाऱ्या कपाटात, आणि वर बनवल्याची तारीख. तरीही मी दोन-तीन दिवसांपलीकडे भरवसा ठेवणार नाही, पट्टीनं मोजल्याशिवाय. स्प्रेच्या तोटीत स्टीलची बारीक स्प्रिंग असते, ती गंजली की फवाऱ्यातून तपकिरी थेंब येतात आणि नळीतला क्लोरीन तिथेच संपतो. शेतीची किंवा बागेची पूर्ण प्लॅस्टिकची तोटी बघून घ्यावी.

मग यंत्र घ्यावं का? ५ मिली ४ टक्के ब्लीच एक लिटर पाण्यात घातलं की तेच २०० पीपीएम तयार होतं, काही सेकंदांत. त्यात मीठ कमी, पीएच जरा जास्त, एवढाच फरक, आणि ओट्यासारख्या कामाला तो फरक दहा मिनिटांच्या भिजवण्यात भरून निघतो. लेबलवरचा टक्का आणि तारीख मात्र वाचा, जुनं ब्लीच निम्म्यावर आलेलं असतं. यंत्राचा फायदा वेगळा: घट्ट ब्लीच घरात ठेवावं लागत नाही. लहान मूल असेल, ब्लीचच्या वासानं कोणाला दम लागत असेल, किंवा दुकान लांब असेल तर तो फायदा खरा आहे. एरवी यंत्राच्या पैशांत चांगल्या चाचणीपट्ट्या आणि एक सिरिंज घ्या, म्हणजे दोन्हीपैकी काहीही वापरलं तरी बाटलीत काय आहे ते कळेल.

दिवसाअखेर उरलेलं पाणी झाडांना घालू नका, त्यात मीठ आहे. मोरीच्या किंवा सिंकच्या जाळीत ओता, रात्रभर राहू द्या. संडासात ओतायचं असेल तर तिथे आधी ॲसिड टाकलेलं नाही ना, ते बघून.